आंदण आणि भाडं

पोर्तुगीजांनी मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली, हे आपण शाळेत शिकलो. आंदण या शब्दात लेकीची माया आहे. पण १६६१ च्या विवाहकरारात मिळालेलं हे आंदण दुसऱ्या चार्ल्सनं सात वर्षांत भाड्यानं देऊन टाकलं. का? उत्तर लंडनच्या पार्लमेंटात सापडतं.

नवा कर बसवायचा तर सभागृहाची संमती हवी, असा तिथला रिवाज. चार्ल्सच्या वडिलांनी १६२९ ते १६४० पार्लमेंट बोलावलंच नाही. बंदरांकडून युद्धकाळात घ्यायची जहाजपट्टी त्यांनी शांततेत साऱ्या देशावर लादली. जॉन हॅम्पडन या जमीनदारानं ती भरायला नकार दिला. रक्कम अवघी २० शिलिंग, पण खटला गाजला. पुढे यादवी झाली आणि १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला.

मुलगा १६६० मध्ये गादीवर आला. पार्लमेंटनं वर्षाला १२ लाख पौंड ठरवून दिले. तेवढी वसुलीच होईना. (राजा उधळ्याही होता, ते वेगळं.) डचांशी युद्ध झालं. सभागृहानं त्यासाठी पैसा दिला आणि मग त्याचा हिशेब मागितला.

इकडे मुंबईचा ताबा घ्यायला आलेल्या सुमारे ४०० शिपायांना पोर्तुगीजांनी उतरूच दिलं नाही. बहुतेक जण कारवारजवळच्या अंजदीव बेटावर आजारानं मेले. ताबा मिळाला १६६५ मध्ये, आणि मग कळलं की बेटावर मिळकतीपेक्षा खर्च जास्त. २७ मार्च १६६८ च्या सनदेनं मुंबई ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. भाडं वर्षाला १० पौंड, सोन्यात. शिवाय कंपनीनं राजाला ५० हजार पौंड कर्ज दिलं, सहा टक्क्यांनी. माझ्या मते खरा सौदा हाच. या पैशासाठी सभागृहापुढे हात पसरावा लागत नव्हता. इथल्या कोळी-भंडाऱ्यांना विचारण्याचा तर प्रश्नच नव्हता.

हे सारं जुनं वाटेल. पण मुंबई महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. २०२३, २०२४ आणि २०२५ चे अर्थसंकल्प प्रशासकांनीच मांडले, प्रशासकांनीच मंजूर केले. शेवटचा ७४,४२७ कोटींचा. हिंदमाताचं तुंबलेलं पाणी उपसायला त्यातले किती गेले, हे सभागृहात उभं राहून विचारायला त्या काळात आमच्या वॉर्डाला नगरसेवकच नव्हता.