विषयाची निवड आणि अंतःकरणाचा विवेक

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त पालक व विद्यार्थी यांच्या सभेत केलेले भाषण)



ज्युबिलीच्या या आनंदप्रसंगी आपण आपल्या पूर्वजांचे स्मरण करीत आहोत. त्यांच्या काळी आपल्या मुलांस विद्येची वाट फार अरुंद होती. मिशनच्या शाळेत अक्षरओळख झाली व मुलगा बुद्धीने तरतरीत निघाला, तर तो मास्तर होई. दिवसा मुलांस धडे देई व सायंकाळी लोकांस प्रार्थना शिकवी. कोणता विषय घ्यावा, हा प्रश्नच त्यास पडत नसे. आज त्याची नातवंडे व पणतवंडे महाविद्यालयाच्या दाराशी उभी आहेत आणि प्रवेशाचा अर्ज त्यांस विचारीत आहे, तुझा मुख्य विषय कोणता? हा प्रश्न पडणे हेच मुळी ईश्वराचे दान होय. परंतु दानाचा हिशेबही द्यावा लागतो. म्हणून आज याच विषयावर चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम व्यवस्था कशी आहे ते पाहू. सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास अनुसरून पदवीच्या अभ्यासाची नवी रचना महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३ पासून व इतर संलग्न महाविद्यालयांत २०२४ पासून सुरू झाली. आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठास जोडलेली आहेत, तेथे कला व विज्ञान शाखांत साधारणतः पहिल्या वर्षी तीन विषय घ्यावयाचे, दुसऱ्या वर्षी त्यांतील एक मुख्य म्हणजे मेजर व दुसरा जोडविषय म्हणजे मायनर म्हणून ठरवावयाचा, आणि तिसरा सोडून द्यावयाचा. ठरलेल्या अटी पूर्ण केल्यास पहिल्या वर्षाअखेर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षाअखेर पदविका, तिसऱ्या वर्षाअखेर पदवी व चौथ्या वर्षाअखेर ऑनर्सची पदवी मिळते. याचा अर्थ असा की, पहिले वर्ष हे स्वतःस पारखून पाहण्यासाठी दिलेले आहे. तथापि ते वर्ष पुष्कळ मुले केवळ परीक्षेच्या धास्तीत घालवितात.

निवड बहुधा कशी होते? मित्र जिकडे गेला तिकडे. मावसभावाने जी लाईन घेतली ती. शेजाऱ्यांत मान ज्याला आहे ते. विज्ञान म्हणजे हुशार व कला म्हणजे मठ्ठ, ही समजूत तर आमच्या वस्तीवस्तीत रुजलेली आहे. वास्तविक पाहता बी. एड. चे शिक्षण, पदवीनंतरचे कायद्याचे शिक्षण आणि राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा यांचे दार कला शाखेच्या पदवीधरासही खुले आहे. आपल्याच जिल्ह्यातील हिवरे बाजारचे श्री. पोपटराव पवार हे वाणिज्य शाखेचे एम. कॉम.; १९८९ साली ते सरपंच झाले आणि दुष्काळी गावात पाणी अडविण्याच्या कामाने देशास ठाऊक झाले. पदवीवर छापलेला विषय माणसाच्या सेवेची सीमा ठरवीत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

आता आमच्या चिंतेचा मुख्य मुद्दा. न झेपणारा विषय घेतलेला मुलगा पहिल्या सत्रात नापास होतो आणि घरी सांगत नाही. बापाने शेळी विकून, आईने कांद्याच्या खुरपणीची मजुरी साठवून शुल्क भरलेले असते. कोणत्या तोंडाने सांगावे? मग तो रोज डबा घेऊन बसने जातो, पण वर्गात जात नाही. वर्ष सरते, दुसरेही सरते, आणि एके दिवशी कळते की तो एमायडीसीत रोजावर लागला आहे. कामास आम्ही हलके लेखीत नाही. परंतु विषय बदलून ज्याचे शिक्षण वाचले असते, त्याचे शिक्षण केवळ लाजेपायी बुडावे, ही आपल्या धर्मग्रामाची हानी होय.

शुभवर्तमानातील तो दाखला आठवा. धन्याने आपल्या चाकरांस ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणे द्रव्य सोपविले. ठपका कोणावर आला? ज्याने भयाने ते जमिनीत पुरून ठेवले, त्याच्यावर. व्यापार बदलला म्हणून कोणास शिक्षा झाली नाही.

संत इग्नाती लोयोला यांचे उदाहरण तर फारच बोधप्रद आहे. तिशी उलटल्यावर ते बार्सेलोना येथे लहान मुलांच्या बाकावर बसून लॅटिन शिकले. पुढे आल्काला येथे त्यांनी घाईने अनेक विषय एकदम हाती घेतले व पाया कच्चा राहिला. तेव्हा १५२८ साली पॅरिसला गेल्यावर त्यांनी पुन्हा मुलांमध्ये बसून आरंभापासून अभ्यास केला. त्यांस लाज वाटली नाही. त्यांनीच आपल्या अध्यात्मसाधनेच्या ग्रंथात निवडीचे दोन प्रकार सांगितले आहेत. विवाह व याजकपद यांसारखी निवड एकदा केली की न बदलणारी. इतर निवडी बदलता येण्याजोग्या. महाविद्यालयाचा विषय हा या दुसऱ्या प्रकारातला आहे, हे पालकांनी नीट ध्यानी घ्यावे.

तथापि त्याच संतांचा दुसरा नियमही तितकाच मोलाचा आहे: मन खचलेले असता पूर्वीचा निश्चय बदलू नये. निकालाच्या दुसऱ्या दिवशी, रडत किंवा रागात, विषय सोडू नये. मन शांत होऊ द्यावे, प्रार्थना करावी, आणि संतांनीच सुचविल्याप्रमाणे असे कल्पावे की, कोणी अनोळखी मुलगा हीच अडचण घेऊन आपल्याकडे आला आहे. त्यास आपण काय सल्ला देऊ? तोच सल्ला स्वतः घ्यावा. विषय नावडता आहे, की अभ्यास केला नाही, हेही प्रामाणिकपणे तपासावे. कारण आळस हा विषय बदलल्याने जात नाही.

बदल करावयाचा ठरल्यास व्यवहारही पाहावा. विज्ञानाचा विद्यार्थी कला शाखेकडे येऊ शकतो; परंतु बारावीस विज्ञान नसलेल्यास उलट वाट सहसा नसते. अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांस महाराष्ट्रात इतर मागास वर्गात गणले जाते. तेव्हा शिष्यवृत्ती व शुल्कसवलत यांवर बदलाचा काय परिणाम होईल, हे महाविद्यालयाच्या कार्यालयात आधी विचारावे. मुदत टळू देऊ नये. आणि सर्वांआधी घरी सांगावे.

पालकहो, तुम्हांस एकच विनंती. मुलगा किंवा मुलगी सांगावयास आली, तर आधी पैशांचा हिशेब काढू नका, आधी ऐका. ज्या घरात खरे बोलणाऱ्यास मार बसतो, त्या घरात खोटे वाढते.

१९०३ साली राहुरी तालुक्यातील केंदळ येथे ‘निरोप्या’ मासिक सुरू करणारे फादर हेन्री डोरिंग पुढे पुण्याचे बिशप झाले, १९२१ साली जपानातील हिरोशिमा येथे नेमले गेले, व १९२७ साली पुन्हा पुण्यास आले. क्षेत्र बदलले, भाषा बदलली, धनी मात्र बदलला नाही. तुमचाही विषय बदलो वा न बदलो. ज्याच्या सेवेसाठी तुम्ही शिकता, तो प्रभू तुमच्यापुढे सदैव असो, आणि पवित्र मरियामाता तुमच्या अभ्यासावर आपली कृपाछाया धरो.