दोन नंबरचं पिस्तूल
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



'दहा मिनिटांत आटप' अशी चिठ्ठी आत्ताच हातात पडली आहे, म्हणून थेट विषयाला येतो. टेबलावरच्या या लाकडी पेटीत आपल्या शाळेचं एअर पिस्तूल आहे. पुढच्या रांगेनं दचकू नये, ते रिकामं आहे, मी दोनदा बघितलंय. आपल्याकडे अशी दोन होती आणि मुठीवर पांढऱ्या रंगात १ आणि २ असे आकडे होते. हे दोन नंबरचं. तसलं 'दोन नंबरचं' नव्हे, शाळेच्या रजिस्टरात रीतसर नोंद आहे. एक नंबरचं वापरून वापरून भंगारात गेलं. हे कुणालाच नको होतं, म्हणून उरलं.

२०२४ साली आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला कांस्यपदक मिळवलं, तेव्हा आपल्या ग्रुपवर दोन दिवस पेढ्यांची चित्रं फिरत होती. त्यात कुणीतरी विचारलं, 'आपल्या पिस्तुलांचं काय झालं रे?' मी शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी पावती करून हे माझ्या ताब्यात दिलं. नोकरीची सगळी वर्षं कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये काढलेली, बंद पडलेली वस्तू दिसली की हात शिवशिवतात.

यातलं यंत्र अगदी साधं. नळी मोडली की आतली जाड स्प्रिंग दबते. चाप ओढला की स्प्रिंग दट्ट्याला पुढे ढकलते, दट्ट्या हवा दाबतो आणि ती हवा साडेचार मिलिमीटरचा छर्रा बाहेर फेकते. म्हणजे आपल्या आईच्या स्टोव्हचा पंपच हा. दट्ट्याच्या तोंडाला तसंच चामड्याचं वायसर, आणि ते वाळलं की तीच रडगाणी.

घरी आणून पुठ्ठ्यावर पाच छर्रे मारले. मागे वाळूचं पोतं, डोळ्यांवर चष्मा, बायको आतल्या खोलीत. आवाज फुसका, छर्रे वीतभर खाली आणि पाचही पाच दिशांना. इथं बहुतेक जण स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसतात आणि सगळं एकदम खोलतात. तसं करू नये. खाली जाणं हा एक रोग, पसरणं हा दुसरा.

पहिल्या रोगाची परीक्षा टिश्यू पेपरनं होते. नळी जिथं मोडते त्या सांध्यावर कागदाची पट्टी ठेवायची आणि पोत्यात छर्रा झाडायचा. पट्टी उडाली तर हवा तिथूनच पळतेय. माझी पट्टी पंख्याखाली उडावी तशी उडाली. तिथलं छोटं वायसर बदललं, तरी जोर अर्धाच. म्हणजे दट्ट्याचं चामडंही गेलेलं.

दट्ट्या काढायला मागचं टोपण काढावं लागतं आणि त्यामागे स्प्रिंग दाबून बसवलेली असते. सुताराच्या शिकंज्यात धरून ती हळूहळू सैल सोडायची, हे मला ठाऊक होतं. तरी घाई केली. टोपण सुटलं ते थेट फडताळातल्या पोह्यांच्या डब्यावर. पोचा अजून आहे, आणि तो रोज सकाळी मला दाखवला जातो. डब्याच्या जागी माझा डोळा असता. यापलीकडे सांगायची गरज नाही.

चामडं बिस्किटासारखं झालं होतं. चप्पल लाईनमधल्या एका कारागिरानं नवं कापून दिलं. ते भिजवून कडीत दाबून वाटीसारखं केलं, वाळवलं आणि तेलात मुरवलं. आता तेलाबद्दल एक जुना गुन्हा कबूल करतो. आपण आवाज मोठा यावा म्हणून नळीत शिलाई मशीनचं तेल सोडायचो, आठवतं का? धूर निघाला की टाळ्या! हवा झटक्यात दबली की इतकी तापते की तेल पेट घेतं, डिझेल इंजिनात घेतं तसं. त्या प्रत्येक टाळीला आत चामडं जळत होतं आणि स्प्रिंगला हादरा बसत होता. छर्रा न घालता चाप ओढण्याची आपली सवयही तसलीच. दट्ट्यापुढे हवेची गादी राहत नाही, तो नुसता आपटतो.

चापाच्या खटक्याला मात्र मी हात लावला नाही. कानस मारून चाप हलका करणारे पुष्कळ बहाद्दर आहेत. असं पिस्तूल टेबलावर ठेवतानाही सुटू शकतं.

जोर परत आला. आवाज ठणठणीत. पण छर्रे पसरतच होते. नळी साफ केली, छर्रे बदलले, हात उशीवर टेकवून मारलं, मुलीला मारायला लावलं. हात बदलला तरी पसारा तोच, तेव्हा दोष हाताचा नाही. मग नळी बंद करून दोन बोटांनी हलवली. डावी-उजवीकडे बारीक 'टक' आवाज आला.

तो आवाज ऐकून मी पिस्तूल खाली ठेवलं. कारण तो माझ्या ओळखीचा होता.

नळी ज्या खिळीवर फिरते तिचं भोक अंडाकृती झालं होतं. पुढची माशी नळीवर, मागची खाच अंगावर, नळी डुलली की दोघींचा मेळ बसत नाही. नळी पाव अंश कलली तरी दहा मीटरवर तिचा रोख चार सेंटिमीटरहून जास्त सरकतो. या खेळाच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं. चामडं चाळीस वर्षांत वाळलं असेल, ते मी जुन्या हिशेबात धरत नाही. पण भोक कपाटात पडून झिजत नाही. ते वापरानंच झिजतं, आणि आपल्या बॅचनंतर हे फारसं कुणी वापरलंच नाही.

नववीत आंतरशालेय स्पर्धेसाठी एकच जागा होती आणि दोघं उरलो होतो. एक मी. दुसरा इथं तिसऱ्या रांगेत बसलाय, नाव घेत नाही. सरांनी वीस-वीस छर्रे मारायला सांगितले. मी पळत जाऊन एक नंबर उचललं. दोन नंबरची नळी 'टक' करते हे मला महिनाभर आधीपासून माहीत होतं. त्याला नव्हतं. त्याचे छर्रे पसरले. सरांनी गुण पाहून निवड केली, त्यांचं काहीच चुकलं नाही. पिस्तुलं अदलाबदल करून पाच-पाच मारा, एवढं एक वाक्य मी बोलायला हवं होतं. बोललो नाही. त्यानंतर गड्यानं पिस्तूल हातात धरलं नाही. 'माझा हात थरथरतो' असं तो पुढे कितीतरी वर्षं हसत सांगायचा आणि मीही हसायचो.

२०२१ साली टोकियोत मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं, वेळ गेला आणि अंतिम फेरी हुकली, तेव्हा टीव्हीसमोर मी बायकोला म्हणालो, 'बिचारीचा काय दोष?' ती म्हणाली, 'एवढा का हळवा झालास?' तेव्हाही मी बोललो नाही. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिला त्याच प्रकारात पदक मिळालं. दुसरी संधी होती तिला.

ते भोक उद्यमनगरातल्या लेथवर मोठं करून घेतलं, पितळी बुश बसवला, नवी खिळी घातली. आता टक नाही. परवा पाच मारले. चार रुपयाच्या नाण्याखाली झाकतील असे, पाचवा जरा बाहेर, आणि तो माझ्या साठीतल्या हाताचा.

सरांची परवानगी घेतली आहे. चहा झाला की मागच्या भिंतीशी दहा मीटरवर पुठ्ठा लावलाय, मागे वाळूची पोती आहेत, दोन चष्मे आणलेत. सगळ्यांनी दोरीच्या मागे उभं राहायचं. तिसऱ्या रांगेतल्या माणसाचे वीस छर्रे बाकी आहेत. गुण मी मोजतो.