सकुटुंब परदेशगमनाचा संकल्प



कोणतेही मंगल कार्य आरंभताना यजमान प्रथम संकल्प करतो. आपण कोणत्या भूमीत, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर बसलो आहोत, संवत्सर कोणते, मास आणि तिथी कोणती, गोत्र कोणते, हे तो उच्चारतो. सकल कुटुंबाच्या क्षेमाचा निर्देश करतो. आणि मग कोणत्या हेतूने कोणते कर्म करणार हे सांगून उदक सोडतो. त्या वेळी पत्नीचा हात त्याच्या हातास लागलेला असतो. देश, काल, कुटुंब आणि हेतू या चार गोष्टी स्पष्ट झाल्यावाचून कर्मास आरंभ करावयाचा नाही, अशी ही शिस्त आहे. दोन घटकांच्या पूजेसाठी पूर्वजांनी जी सावधगिरी आवश्यक मानली, ती घराचे वीस वर्षांचे आयुष्य पालटून टाकणाऱ्या निर्णयाच्या वेळी मात्र बहुधा विसरली जाते.

परदेशातील नोकरीचे पत्र येते तो प्रसंग गोव्यातील, बेळगावकडील आणि हैदराबादेतील कितीतरी घरांच्या परिचयाचा आहे. पत्र दुबईचे असो, मस्कतचे असो वा रियाधचे असो. पगाराच्या आकड्याचे रुपये करून पाहिले जातात, देवापुढे पेढे ठेवले जातात आणि तिसऱ्या दिवशी पासपोर्टांची शोधाशोध सुरू होते. पत्र एकाच्या नावाने आलेले असते. हलणार असते ते सारे घर. म्हणूनच असे पत्र स्वीकारणे हा साऱ्या घराचा संकल्प व्हावयास हवा, एवढेच आजच्या विवेचनाचे सार आहे.

चाकरीसाठी घर हलविणे मराठी माणसास नवे नाही. वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर येथील कितीतरी घराण्यांचे मूळपुरुष चाकरीच्या निमित्तानेच नर्मदेपलीकडे गेले. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावली. तंबूंच्या जागी वाडे उठले, छावणीचे शहर झाले आणि त्या शहराचे नाव आजही 'लष्कर' असेच आहे. आखाताशी असलेले दळणवळणही जुने आहे. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखाती प्रदेशांसाठी निराळे रुपये काढले होते; ते कुवेतमध्ये १९६१ पर्यंत, कतारमध्ये १९६६ पर्यंत आणि ओमानमध्ये १९७० पर्यंत चलनात होते. तथापि या दोन स्थलांतरांत एक मोठा भेद आहे. ग्वाल्हेरीस गेलेला शिलेदार वा कारकून तेथे जमीनजुमला करून तेथलाच होऊन गेला. आखाती देशांत परकीयास नागरिकत्व सामान्यतः मिळत नाही. तेथील मुक्काम तीस वर्षे लांबला तरी तो मुक्कामच राहतो.

येथूनच पहिल्या अंगाचा, म्हणजे देशाचा, विचार सुरू होतो. सर्वसामान्य नोकरदाराचा आखातातील वास्तव्याचा परवाना त्याच्या नोकरीला बांधलेला असतो, आणि पत्नी व मुले यांचे परवाने त्याच्या परवान्याला. नोकरी सुटली की ठराविक मुदतीत दुसरी मिळवावी लागते; न मिळाल्यास साऱ्यांनाच निघावे लागते. अख्खा संसार एका खुंटीला टांगलेला असतो. मायदेशी नोकरी सुटली तर पगार जातो. तेथे पगारासह घर, मुलांची शाळा आणि राहण्याचा अधिकारही जातो. हे भय दाखविण्यासाठी सांगावयाचे नाही. खुंटी किती भक्कम आहे ते पाहूनच तिच्यावर भार टाकावा, इतकेच.

कायदा आहे तसाच राहील हे गृहीत धरणेही धोक्याचे आहे. सौदी अरेबियाने १ जुलै २०१७ पासून परकीय कामगाराच्या प्रत्येक आश्रितामागे दरमहा १०० रियाल शुल्क बसविले आणि ते प्रतिवर्षी १०० रियालांनी वाढवीत २०२० मध्ये ४०० वर नेले. पत्नी व दोन मुले असलेल्या गृहस्थास तो बोजा वर्षाला १४,४०० रियाल झाला. पगार मात्र करारात लिहिला होता तेवढाच राहिला. कितीतरी गृहस्थांनी कुटुंब मायदेशी पाठविले आणि स्वतः एकटे राहिले. आखाताबाहेरही हेच दिसते. ब्रिटनने ११ मार्च २०२४ पासून शुश्रूषा-सेवेसाठी नव्याने येणाऱ्या कामगारांना कुटुंब आणण्यास मनाई केली. यास्तव पगाराइतकेच, कुटुंबास कोणत्या अटीवर राहता येते, हे विचारणे अगत्याचे आहे.

राजकीय उत्पात तर पत्र लिहून येत नाहीत. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले तेव्हा तेथे दीड लाखाहून अधिक भारतीय होते. वाळवंटातून जॉर्डनमधील अम्मानपर्यंत पोहोचलेल्या एक लाखाहून अधिक लोकांना पुढील काही आठवड्यांत ४८८ विमानफेऱ्यांनी मायदेशी आणण्यात आले. राष्ट्राने केलेले हे कार्य अभिमानास्पदच होय. पण ज्यांची सारी शिल्लक कुवेतच्या बँकांत होती ते रिकाम्या हातांनी विमानातून उतरले, आणि ज्यांनी दरमहा काही गावी पाठविले होते त्यांना निदान पाय टेकावयास जागा होती. शिल्लक कोठे ठेवावी याचा धडा यात आहे.

दुसरे अंग काल. 'पाच वर्षे जाऊन येऊ' हे वाक्य बहुतेक घरांत उच्चारले जाते. कोणत्या वर्षी यावयाचे हे मात्र ठरत नाही. आई-वडिलांच्या दृष्टीने पाच वर्षे एक असतात, मुलांच्या दृष्टीने दुसरी. सहा वर्षांचे मूल नव्या शाळेत सहज रुळते. दहावीच्या उंबरठ्यावरील मुलास हलविणे म्हणजे उभ्या पिकातून नांगर घालण्यासारखे आहे. आखातात भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत आणि त्यांचे वर्ष सामान्यतः एप्रिलमध्ये सुरू होते. मुलांना नेण्याचा मुहूर्त त्यावरून धरावा. मुले मोठी झाली की पुन्हा प्रश्न उभा राहतो. संयुक्त अरब अमिरातीत पूर्वी १८ वर्षांपर्यंतच मुलगा पित्याच्या आश्रयावर राहू शके. २०२२ मध्ये ती मर्यादा २५ वर्षांवर गेली. मर्यादा वाढली, पण नाहीशी झाली नाही. तेथे वाढलेले मूल एके दिवशी तेथून निघणार, हे पहिल्याच दिवशी ठाऊक असावे.

परीक्षाकालाचाही विचार हवा. संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्याने हा काल सहा महिन्यांपर्यंत असू शकतो आणि त्या अवधीत नोकरी लवकर सुटू शकते. म्हणून कर्त्याने प्रथम एकट्याने जावे, नोकरीची आणि शहराची पारख करावी, आणि मगच बिऱ्हाड न्यावे, हा जुन्या जाणत्यांचा परिपाठ आजही शहाणपणाचा आहे. विरहाचे सहा महिने कठीण जातात. पण येथील घर मोडून तेथे पोहोचलेल्या कुटुंबाने दोन महिन्यांत परतणे त्याहून कठीण.

तिसरे अंग कुटुंब. येथे सर्वांत मोठा प्रश्न पत्नीचा. ती शिक्षिका असेल, बँकेत असेल, परिचारिका असेल. पंधरा वर्षांच्या सेवेवर तिने पाणी सोडावे, असे घरात कोणी स्पष्ट म्हणत नाही, केवळ गृहीत धरतात. तेथे तिला काम करता येईल काय, तिची पदवी तेथे मान्य आहे काय, परवान्यास काय लागते, हे देशागणिक वेगळे आहे आणि ते आधी शोधता येते. तिने नोकरी सोडावी की दीर्घ रजा घ्यावी, हाही विचार आहे. संकल्पाच्या उदकास तिचा हात लागतो तो शोभेसाठी नव्हे. जिचा होकार घेतलाच नाही, तिने परदेशातील बंद दारामागे काढलेल्या दुपारी पुढे साऱ्या संसारास महाग पडतात. तिने विचारपूर्वक 'नको' म्हटले, तर त्या शब्दाचेही वजन पगाराच्या आकड्याइतके मानले पाहिजे.

मागे राहणाऱ्या वृद्धांचा प्रश्न तितकाच नाजूक. गोव्याहून दुबई विमानाने तीन-साडेतीन तासांवर आहे. परंतु रजा मिळाली नाही तर तेच अंतर अपार होते. आई-वडिलांच्या पोषणाचे दायित्व २००७ च्या कायद्याने अपत्यांवर टाकलेच आहे. पण पैसा पाठविल्याने औषध येते, रात्री दोन वाजता डॉक्टरांकडे नेणारा माणूस येत नाही. तो माणूस कोण, भाऊ, बहीण, भाचा की शेजारी, याचे नाव निघण्यापूर्वी ठरावे, आणि त्याला ते सांगितलेले असावे. वृद्धांनाही विचारावे. 'तुमच्या सुखात आमचे सुख' हे त्यांचे उत्तर ऐकून थांबू नये, दुसऱ्यांदा विचारावे.

मुलांच्या भाषेचा भारही कुटुंबावरच आहे. तेथील शाळेत इंग्रजी, हिंदी, अरबी येईल. मराठी आणि कोकणी घरातच टिकतील वा घरातच मरतील. आजीशी दूरध्वनीवर बोलताना शब्द शोधावा लागणारे नातवंड हा पगारपत्रकात न दिसणारा खर्च आहे.

चौथे अंग हेतू, आणि हेतू म्हटला की हिशेब आला. कर्ज फेडणे, घर बांधणे, मुलीचे शिक्षण, व्यवसायातील उन्नती, यांपैकी काय साधावयाचे ते कागदावर लिहावे, म्हणजे साधल्यावर ओळखता येते. पत्रातील वेतनाची फोड पाहावी. संयुक्त अरब अमिरातीत सेवासमाप्तीची रक्कम पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या मूळ वेतनावर ठरते; भत्ते त्यात धरले जात नाहीत. बारा हजार दिरहमांच्या पगारात मूळ वेतन सहा हजारच असेल, तर वर्षाचे ४,२०० आणि पाच वर्षांचे २१,००० दिरहम होतात. बारा हजारांवर मनातल्या मनात केलेला हिशेब याच्या दुप्पट येतो. दुबईत घरभाडे पुष्कळदा वर्षाच्या आगाऊ धनादेशांनी द्यावे लागते. प्राप्तिकर नाही हे खरे, पण शाळेचे शुल्क आणि भाडे वजा केल्यावर उरते तीच मिळकत.

कागदपत्रांविषयी थोडके. पदवी, विवाह आणि मुलांचे जन्म यांचे दाखले प्रमाणित करून घ्यावे लागतात. सर्वांवर नाव व आडनाव अक्षराअक्षराने एकच असावे, नाहीतर कुटुंबाचे परवाने त्यावरच अडतात. मध्यस्थ असल्यास तो १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदलेला आहे ना, हे पाहावे. त्या कायद्याखालील नियमांनी मध्यस्थाचे सेवाशुल्क करासह मर्यादित केले असून मूळ रक्कम ३०,००० रुपयांपेक्षा अधिक असू नये असे ठरविले आहे. जो लाखांची मागणी करतो तो नोकरी देत नसून विकत आहे. पर्यटकाच्या परवान्यावर जाऊन काम धरू नये. परदेशी नोकरीस गेल्यावर येथील बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घेणे परकीय चलनाच्या नियमांनी आवश्यक आहे. तेथे कर्ज काढताना मात्र हात आखडावा. फेड थकली असता देश सोडण्यासही बंदी होऊ शकते.

एवढा विचार करून जे जातात ते सुखाने जावोत. समुद्र ओलांडल्याने कोणी परका होत नाही. आणि एवढाच विचार करून जे न जाण्याचे ठरवितात त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार कोणास नाही. संकल्प न करणे हाही विचारान्ती केलेला निर्णयच होय.

शेवटी एक गोष्ट. पूजेस आरंभ असतो तशी उत्तरपूजाही असते, आणि विसर्जन करताना देवालाही पुन्हा येण्याची विनंती केली जाते. निघणाऱ्या घराने आपली परतीची वाट तशीच राखावी: गावी डोक्यावर छप्पर, येथील बँकेत सहा महिन्यांचा खर्च, मुलांच्या तोंडी आपली भाषा, आणि ज्यांना न विचारता दार उघडता येईल अशी चार माणसे. मग परतणे नोकरी गेल्यामुळे होवो वा हेतू पूर्ण झाल्यामुळे होवो, ते पराभवाचे ठरणार नाही. तुळशीपुढे दिवा लावणारे कोणीतरी घरी आहे, एवढा विश्वास घेऊन जो निघतो, तो कोठेही गेला तरी निराधार होत नाही.