ऐकावे, वाचावे आणि थांबून विचारावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मोबाइलवर वाचण्याऐकण्यासारखे काय आहे, हा विषय मंडळाने मला दिला. उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही, हे आरंभीच सांगते. या यंत्राच्या नादाने एक मोठी चूक केलेली बाई म्हणूनच मी आपणांपुढे उभी आहे.

गतवर्षी, कारल्याच्या रसाने मधुमेह समूळ जातो, असा एक निरोप मला आला. मी तो शेवटपर्यंत न वाचताच धुळ्याच्या माझ्या जाऊबाईंना पाठविला. त्यांनी विश्वासाने गोळ्या बंद केल्या. तीन आठवड्यांत त्यांना इस्पितळात ठेवावे लागले. बऱ्या होऊन घरी आल्यावर त्यांनी एवढेच विचारले, “अगं, पाठवण्याआधी तू तरी वाचलं होतंस का?” माझ्यापाशी उत्तर नव्हते.

तेव्हापासून त्याच यंत्रात मी दुसरे काही शोधू लागले. वाचून झाले की लगेच पुढे ढकलावेसे न वाटता क्षणभर थांबावेसे वाटेल, असे काही.

“आम्ही कुठं एवढ्या शिकलेल्या!” असे आपल्यापैकी कित्येकजणी म्हणतात. पण असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी घरच्या माणसांनी ऐकून टिपून ठेवली, म्हणूनच त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ती पुस्तकरूपाने आपल्या हाती आली. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर दर रविवारी प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी तेथल्या तेथे लिहून घेतली. तीच ‘गीता-प्रवचने’. खानदेशच्या मातीतली ही दोन पुस्तके लक्ष देऊन ऐकणाऱ्यांमुळे उरली आहेत. तेव्हा ऐकणे हे वाचण्याहून हलके आहे, असे कोणीही समजू नये.

आता काय ऐकावे, काय वाचावे? बिबडे घालताना, पापड लाटताना हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. त्या वेळी ‘गीता-प्रवचने’ची वाचने लावावीत, एका बैठकीला एकच अध्याय पुरे. आकाशवाणीची मराठी केंद्रेही आता मोबाइलवर ऐकता येतात. वाचावयाचे असेल तर ‘विकिस्रोत’ नावाच्या ठिकाणी साने गुरुजींची ‘श्यामची आई’ विनामूल्य मिळते. लेखकाच्या मृत्यूला साठ वर्षे उलटली की आपल्या कायद्याप्रमाणे त्याचे ग्रंथ सर्वांसाठी मुक्त होतात. गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांची पुस्तके तेथे ठेवण्यात कोणाचा अपराध होत नाही.

नातवंडांनी अवघड प्रश्न विचारला, तर मराठी विश्वकोश उघडावा. त्याचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे आपल्या धुळे जिल्ह्यातील पिंपळनेरचे. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. आज तो सारा घरबसल्या, पैसा न देता वाचता येतो. मात्र त्यातील कित्येक नोंदी जुन्या आहेत, हे ध्यानात असू द्यावे. इतिहासाला ते चालते, औषधाला चालत नाही. औषधाचे डॉक्टरांनाच विचारावे. हा धडा मी फार महाग घेतला आहे.

आणि काहीही वाचले तरी तीन प्रश्न विचारावेत. हे कोण सांगतो? केव्हा सांगितले? दुसरीकडे पडताळता येईल का? ज्या निरोपाखाली नाव नाही, तारीख नाही आणि ‘दहा जणांना पाठवा’ एवढेच आहे, तो आपल्या हातीच थांबवावा. तेवढेही एक पुण्यकर्मच आहे.

माझी मंडळाला एक विनंती आहे. दर सभेत एका भगिनीने महिन्यात ऐकलेली वा वाचलेली एक गोष्ट पाच मिनिटे सांगावी आणि इतरांनी तिला शंका विचाराव्यात. जिला वाचता येत नाही, तिने ऐकलेले सांगावे. तिची पाळी चुकवू नये.

जाऊबाई आता वेळेवर गोळ्या घेतात. दर रविवारी दुपारी त्या धुळ्यात आणि मी जळगावात एकच अध्याय ऐकतो, आणि मग फोनवर बोलतो. पहिला प्रश्न नेहमी त्यांचाच असतो, “पुरतं ऐकलंस ना?” आता मला ‘हो’ म्हणता येते.