महाविद्यालयातील मैत्री
(मस्तगड, जालना येथील भाषण)



१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील वसतिगृहात नवल भथेना हे पारशी मित्र त्यांना लाभले. तो स्नेह जन्मभर टिकला. पुढे ११ जानेवारी १९५० रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालयाच्या विद्यार्थी संसदेपुढे ते हिंदू संहिता विधेयकावर बोलले. विद्यार्थ्यांच्या सभेला त्यांनी असे मोल दिले.

मातापित्यांनो, मुले परगावी शिकावयास निघाली की अपमानाच्या भयाने आपण बजावतो, ‘कोणात मिसळू नका.’ हे भय खोटे नाही. परंतु चार परक्यांत जो बसलाच नाही, तो उद्या हक्कासाठी सभेत कसा उभा राहील? पंचशीलाची शिदोरी द्या. मुलाप्रमाणेच मुलीलाही वादविवाद मंडळात जाऊ द्या. समता कायदा देईल. बंधुता मात्र सहवासातूनच येईल.

जयभीम!