इअरफोनची पारख



ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी, गुजरी महालाच्या बाजूस जी दाट वस्ती आहे तिला किला गेट म्हणतात. तेथून हजिऱ्याकडे गेले की महंमद घौस यांचा भव्य मकबरा लागतो आणि त्याच्याच आवारात तानसेनाची साधीशी कबर. डिसेंबरात तेथे तानसेन समारोह भरतो आणि त्या दिवसांत सारे शहर सुरांविषयी बोलते. एरवी या रस्त्यावर राज्य चालते ते टेम्पोंच्या भोंग्यांचे. आणि त्या कोलाहलातून जाणाऱ्या मुलामुलींच्या कानांत इअरफोन असतात. माझ्या वर्गातील मुले विचारतात, "बाई, तीन-चारशे रुपयांत चांगला कोणता मिळेल?" संगीताच्या गावी राहणाऱ्या बाईंना हे ठाऊक असावयासच हवे, असा त्यांचा भाबडा समज. मी कोणत्याही मालाचे नाव सांगत नाही. दुकानातला माल वर्षभरात बदलतो, कान मात्र तोच राहतो. पारख कशी करावी एवढेच सांगते, आणि तेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम डबीवरील आकड्यांविषयी. '२० ते २०,००० हर्ट्‌झ' असे जवळजवळ प्रत्येक डबीवर छापलेले असते. तरुण, निरोगी मानवी कानाचा पल्ला साधारण एवढाच असतो. परंतु त्या पल्ल्यातील कोणता स्वर दाबला गेला आणि कोणता फुगविला गेला, याविषयी तो आकडा मौन पाळतो. गाडी ग्वाल्हेरहून मुंबईस जाते एवढे कळले, म्हणून ती वाटेत कोठे रखडते हे कळत नाही, तसेच हे आहे. दुकानदार तर एकच गुण सांगतो, "मॅडम, बेस बहुत तगड़ा है।" तगडा खर्ज हा गुण खरा, पण तो गायकाच्या गळ्यावर घोंगडी पांघरीत असेल तर तो दोषच समजावयाचा.

आता मुख्य गोष्ट. कानात बसणाऱ्या इअरफोनचा ध्वनी जितका त्याच्या चुंबकावर आणि पडद्यावर अवलंबून असतो, तितकाच टोकावरच्या मऊ टोपीवर असतो. कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब. तिचे तोंड टोपीने नीट बंद झाले नाही तर खालचे स्वर फटीतून निसटतात आणि राहतो तो पत्र्यासारखा आवाज. डबीत बहुधा लहान, मध्यम व मोठ्या अशा तीन जोड्या दिलेल्या असतात. पुष्कळ लोक आधी बसविलेलीच ठेवतात व उरलेल्या डबीसह फेकून देतात! कानाची पाळी दुसऱ्या हाताने वर व मागे ओढावी, टोपी हलकेच आत सरकवावी आणि पाळी सोडावी. मग बोटाने किंचित दाबून पाहावे. दाबताच खर्ज एकदम वाढला, तर टोपी लहान आहे असे समजावे. उजव्या कानास मध्यम आणि डाव्यास लहान, असेही निघते. त्यात विपरीत काही नाही.

टोपी बसली की मग परीक्षा. ती आपल्या पूर्ण परिचयाच्या ध्वनिमुद्रणावर करावी, दुकानदाराच्या आवडीच्या गाण्यावर नव्हे. अनेकांस वाटते की तंबोऱ्याची खर्जाची तार ऐकू आली म्हणजे खर्ज उत्तम. येथे फसगत होते. गायकाचा षड्ज काळी एक असेल तर तो सुमारे १३८ हर्ट्‌झ, आणि खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे ६९ हर्ट्‌झ. पण तंबोऱ्याचा नाद मुख्यतः वरच्या स्वयंभू स्वरांचा बनलेला असतो, आणि मूळ स्वर गळाला तरी त्या वरच्या स्वरांवरून मेंदू तो मनाने भरून काढतो. तेव्हा तंबोऱ्यास जवारीविषयी विचारावे: तिची झळाळी नितळ येते की काचेसारखी टोचते? खर्जाची साक्ष काढावयाची ती तबल्याच्या डग्ग्याकडून. डग्ग्यावरची घसीट गोल, सलग उतरली पाहिजे. नुसता 'धप्प' असा ठोका आला तर पडदा स्वर धरीत नाही. गळ्याची परीक्षा तानेवर होते. येथील कृष्णराव शंकर पंडितांचे (१८९३ ते १९८९) एखादे मुद्रण लावावे आणि द्रुत तानेतील दाणे सुटे ऐकू येतात की एकमेकांत लडबडतात, ते पाहावे. फार जुन्या तबकड्या मात्र वरच्या स्वरांच्या परीक्षेस घेऊ नयेत. ते त्यांत पुरते उतरलेलेच नसतात. शेवटी नुसता बोलण्याचा आवाज ऐकावा. 'स' आणि 'श' कानात सुईसारखे शिरू लागले तर तो इअरफोन कितीही चकचकीत असो, तासभर सोसवणार नाही.

दोन इअरफोनांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारख्याच पातळीवर आणावा. जो मोठा वाजतो तो चांगला वाटतो, ही कानाची जुनी खोड आहे. फ्लेचर व मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ साली मोजून दाखविले की, हळू आवाजात कानास खालचे स्वर विशेषच कमी ऐकू येतात. आवाज चढविला की खर्ज आपोआप भरून आल्यासारखा वाटतो, आणि बाजारात त्याचाच फायदा घेतला जातो.

हे सारे केवळ रसिकतेपुरते असते तर मी एवढा आग्रह धरला नसता. टोपी सैल असेल तर खर्ज निसटतो आणि बाहेरचा गोंगाट आत शिरतो. मग मुलगा दोन्हींवर एकच उपाय करतो, आवाज वाढवितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसास ८० डेसिबल आवाज आठवड्यास ४० तास चालतो, पण ९० डेसिबल अवघे चार तासच. मुलांसाठी ४० तासांची मर्यादा ७५ डेसिबलवर आणलेली आहे. दर तीन डेसिबलांस वेळ निम्मी होते. कानाच्या आतील ज्या सूक्ष्म केसपेशी ध्वनी टिपतात त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. म्हणून मी मुलांना सांगते, ज्या इअरफोनवर शांत खोलीत अगदी हळू आवाजातही तंबोरा आणि गळा दोन्ही पुरे ऐकू येतात, तो घ्या. आणि रस्ता ओलांडताना तो काढून खिशात ठेवा, कारण चांगली बसलेली टोपी टेम्पोचा भोंगाही अडविते.

सुखाची परीक्षा दोन मिनिटांत होत नाही, तिला अर्धा तास द्यावा लागतो. तेवढ्या वेळात कानाच्या तोंडाशी दुखू लागले तर टोपी मोठी आहे. जबडा हलविताच सुटत असेल तर टोपी लहान, नाहीतर घडणच जड. चालताना वायर सदऱ्यावर घासून कानात खरखर येते. वायर कानामागून वळवून घेतली की ती पुष्कळशी थांबते. दुकानात कानात घालून पाहू देत नाहीत, आणि स्वच्छतेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. तेव्हा परत घेण्याची सोय असेल तेथूनच खरेदी करावी.

मुलांची एक सवय मात्र मला मुळीच आवडत नाही. मधल्या सुट्टीत दोन मैत्रिणी एकच इअरफोन वाटून घेतात, एक उजवा, एक डावा. दुसरा कान उघडा, म्हणून दोघींनाही आवाज वाढवावा लागतो, आणि एकीच्या कानाचा मळ दुसरीच्या कानात जातो. टोप्या अधूनमधून काढून साबणाच्या कोमट पाण्याने धुवाव्यात व पुरत्या वाळल्यावरच बसवाव्यात. आतील जाळी कोरड्या, मऊ ब्रशाने झाडावी. तिच्यावर मळ साचला की एका बाजूचा आवाज मंदावतो, आणि मुले धावत येऊन सांगतात की बाई, इअरफोन बिघडला.