पाय तिचा, माप कुणाचं?

(वस्त्यांमध्ये मुलींचे खेळगट चालवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या पुण्यातील शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



तुम्ही बहुतेकजणी वस्तीत मुलींचे गट चालवता. कबड्डी, खो-खो, लंगडी हे खेळ आपण घेतो, कारण त्यांना सामान लागत नाही. आता काही गटांनी स्केटिंग आणि स्केट्सवरची हॉकी सुरू करायचं ठरवलंय. देणगीचे थोडे पैसे जमलेत आणि पहिले स्केट्स विकत घ्यायचेत. ते कसे निवडावेत हे सांगायला मला बोलावलंय. मी चोवीस वर्षं पुण्यात शारीरिक शिक्षण शिकवलं, त्यातली निम्मी वर्षं मुलींना चाकांवर उभं करण्यात गेली. कंपन्यांची नावं मी सांगणार नाही, ती दर दोन वर्षांनी बदलतात. पाय कसा मोजायचा ते सांगेन. आणि मोजताना त्या पायाभोवती कोण कोण उभं असतं, तेही.

पुण्याला मुलींची हॉकी नवी नाही. एलायझा नेल्सन इथल्याच. १९८० साली मॉस्कोला ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा महिलांची हॉकी झाली, तिथे आपला संघ चौथा आला, त्या संघात त्या होत्या. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघाच्या त्या कर्णधार. पण ती मैदानावरची हॉकी. तिथे बूट जरा सैल असला तर दोन मोजे चढवून वेळ मारून नेता येते. चाकांवर ते जमत नाही. हॉकीत सारखं थांबायचं, वळायचं, आडवं सरकायचं, उलटं जायचं. हे सगळं घोट्यापासून होतं, आणि घोटा बुटात घट्ट बसलेला नसेल तर पाय एकीकडे वळतो आणि चाकं दुसरीकडे जातात. मग मुलगी पडते. आणि पडली की आपण म्हणतो, हिला तोल नाही.

तोल असतो हो. बूट मोठा असतो.

बूट मोठा का असतो? कारण आपल्याकडे मुलांना सगळं ‘वाढत्या अंगाचं’ घ्यायची पद्धत आहे. फ्रॉक वाढत्या अंगाचा, गणवेश वाढत्या अंगाचा. फ्रॉकची शिवण उसवून तो मोठा करता येतो, म्हणून ते शहाणपणाचं. स्केटच्या कडक बुटात शिवण उसवायची सोय नाही. एका नंबरात साधारण साडेआठ मिलिमीटरचा फरक असतो. दोन नंबर मोठा बूट घेतला की मुलीच्या पायापुढे दीड सेंटिमीटरहून जास्त पोकळी राहते. तिथे कापूस कोंबला तरी टाच मागे उचलली जातेच.

आणि दुसरं कारण तुम्हाला जास्त ओळखीचं आहे. भावाचे जुने. त्याला नवे, तिला त्याचे. सायकल, दप्तर, पुस्तकं जशी खाली येतात तसे स्केट्सही येतात. वापरलेला बूट वाईटच असं मी म्हणत नाही, आपण गटात वापरलेलेच देणार आहोत. पण कडक बूट आधीच्या पायाचा आकार धरतो. भावाच्या रुंद टाचेचा खळगा त्यात पडलेला असतो, त्यात बहिणीची अरुंद टाच डुचमळते.

बायकांचा पाय म्हणजे पुरुषाचा पाय लहान करून काढलेला नव्हे. लांबी सारखी असली तरी बाईची टाच पुढच्या पंज्याच्या मानाने बहुधा अरुंद असते. पण खेळाचे कितीतरी बूट पुरुषाच्या पायाचा साचा घेऊन, तोच आखडून केलेले असतात. वर गुलाबी पट्टा लावला की झाले ‘लेडीज’. त्यात आपला पाय चपलेत आणि अनवाणी वाढलेला, पुढून पसरट. बाहेरच्या देशातून आलेला बूट बोटांवर आवळतो, म्हणून दुकानदार एक नंबर मोठा देतो, आणि मग टाच सैल होते. पुढून चावतो, मागून निसटतो. अशा वेळी नंबर वाढवू नका, रुंद साचा मागा. हॉकीच्या चांगल्या स्केट्समध्ये एकाच लांबीच्या दोन-तीन रुंद्या असतात. दुकानात नसल्या तर नाही म्हणून सांगू देत, पण विचारा.

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त माणसांच्या पायांची मापं घेतली. आपण आजवर इंग्रजांनी आणलेल्या नंबरांवर चालत आलो, आपल्या पायांची मोजदाद करून भारतीय नंबर ठरवावेत हा हेतू. त्यांच्या प्रस्तावाला ‘भा’ असं नाव आहे. त्यात दिसलं की आपले पाय युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा रुंद असतात. हे चांभाराला विचारलं असतं तरी कळलं असतं, पण आकडे हाताशी असलेले बरे. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. मुलींच्या पायाची वाढ सगळ्यात जोरात होते ती अकराव्या वर्षाच्या सुमारास, आणि मुलग्यांची पंधरा-सोळाव्या.

हे घरच्या हिशेबाला लावून पाहा. घरात बारा-तेरा वर्षांची मुलगी आणि तेवढाच मुलगा असेल, तर नवे महागाचे स्केट्स कुणाला घेतले जातात? मुलाला. का, तर ‘तो पुढे खेळणार आहे’. मुलीचं काय, ‘दोन वर्षांनी बंदच होणार’. आणि पाय काय सांगतात? मुलाचा पाय अजून वाढायचाय, त्याचे नवे बूट वर्षा-दीड वर्षात लहान होतील. मुलीचा पाय जवळजवळ थांबत आलेला आहे. तेराव्या वर्षी तिला नीट मापाची जोडी मिळाली, तर ती कितीतरी वर्षं चालेल. काटकसरच करायची तर ती उलटी चाललीय. पालकांच्या सभेत समतेवर बोलण्याआधी हा हिशेब मांडून पाहा. मी मांडते. वडील लोक मान हलवतात, कारण पैशाची गोष्ट आहे.

आता मोजणी. संध्याकाळी मोजा, दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो. जाड कागद जमिनीवर ठेवा, मुलीला त्यावर दोन्ही पायांवर भार देऊन उभी करा. बसवून मोजलं तर माप कमी येतं. पेन्सिल सरळ उभी धरून पायाभोवती फिरवा. टाचेच्या मागच्या टोकापासून सर्वांत लांब बोटापर्यंत मोजा. ते बोट अंगठाच असेल असं नाही, कुणाचं दुसरं बोट लांब असतं. मग चवड्याची रुंदी. दोन्ही पाय मोजा, क्वचितच ते सारखे असतात. मोठ्या पायाचं माप धरायचं. आणि लक्षात ठेवा, एका रांगेत चाकं असलेल्या हॉकीच्या स्केट्सचा नंबर नेहमीच्या बुटाच्या नंबराहून बहुधा एक ते दीडने लहान असतो. शाळेच्या बुटाचा नंबर सांगून स्केट्स मागवू नका. कागदावरचे मिलिमीटर सांगा.

पायात घालून पाहणं त्याहून महत्त्वाचं. एकच पातळ मोजा. नाडी पूर्ण सैल करून पाय पुढे सरकवा. बोटं पुढे टेकली की टाचेमागे एक बोट जेमतेम जाईल एवढीच जागा हवी. दोन बोटं गेली तर मोठा. मग टाच जमिनीवर आपटून मागे बसवा आणि नाडी बांधा, बोटांकडे सैलसर, घोट्याच्या वळणाशी घट्ट. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे अगदी हलकी टेकतील. गुडघे वाकवले की टाच मागे जाते आणि बोटं सुटी होतात. खेळताना गुडघे वाकलेलेच असतात, म्हणून ताठ उभ्या मुलीला बघून निर्णय करू नका. बुटाची खोली पाहायची तर नाडी सैल करून जीभ पुढे ओढा आणि वरून तिसऱ्या भोकांच्या जोडीवर आडवी पेन्सिल ठेवा. ती पायाच्या वरच्या भागाला टेकली तर बूट उथळ आहे. नाडीखाली पाय दुखणार.

त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं तशीच उभी ठेवा, बसू द्या, वाकू द्या. दुकानदाराला घाई असते. लक्ष्मी रस्त्यावर शनिवारी संध्याकाळी तर विचारूच नका. मंगळवारी दुपारी जा.

या पंधरा मिनिटांत खरी परीक्षा असते, आणि ती बुटाची नसते. दुकानात वडील किंवा मामा विचारतात, ‘बरोबर आहे ना?’ मुलगी मान हलवते. मी शेकडो वेळा पाहिलंय. बूट चावतोय, अंगठा दुमडलाय, आणि ती मान हलवते, कारण एवढे पैसे खर्च होताहेत, कारण रडली तर मिळणारच नाहीत. ‘सवय होईल’ असं कुणीतरी म्हणतं. हे वाक्य आपण सगळ्यांनी कुठे कुठे ऐकलंय ते मी सांगायला नको. नवा बूट थोडा मऊ पडतो, आकार धरतो, हे खरं. पण घोट्याचं हाड घासणं, बोटांना मुंग्या येणं, तळव्यात पेटके, याची सवय होत नाही. त्याचे फोड होतात, कुरूप होतं, नखं काळी पडतात. म्हणून ‘बरोबर आहे ना’ हा प्रश्न आमच्या गटात बंद आहे. आम्ही विचारतो, ‘कुठे लागतंय?’ लागत असणारच असं धरून विचारलं की मुली बोट दाखवतात. आणि ‘काही नाही’ म्हणणाऱ्या मुलीला बूट काढायला लावून पाय बघा. लाल वळ खोटं बोलत नाहीत.

मोठ्या बायकांचं थोडं वेगळं. दोन-तीन गटांत आयांनाही शिकायचंय, फार छान. त्यांच्या पायात जोडवी असतात. कडक बुटात जोडवं शेजारच्या बोटात रुततं, आणि पैंजण घोट्याच्या पट्ट्याखाली. ती काढावी लागतात. मी कुणावर सक्ती करत नाही. एक बाई तीन आठवडे नुसत्या कडेला बसून बघत होत्या. चौथ्या आठवड्यात स्वतःच जोडवी काढून रुमालात बांधली, खेळून झाल्यावर घातली आणि घरी गेल्या. दुसऱ्या एकीच्या सासूने पहिल्याच दिवशी ‘काढ गं, पडशील’ म्हणून सांगितलं. आपण आधीच ठरवून टाकतो की घरचे नाही म्हणतील. विचारून तरी पाहावं.

सामान उसनं घेऊन खेळणं ही काही कमीपणाची गोष्ट नाही. आपला महिलांचा आइस हॉकी संघ २०१६ साली उभा राहिला, बहुतेक मुली लडाखच्या. सुरुवातीला अनेकजणी मागून आणलेल्या सामानावर खेळल्या. २०२५ साली त्यांनी आशिया चषकात कांस्यपदक आणलं. त्याआधी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, २०२३ साली, आपल्या मुलींनी चाकांवरच्या ३००० मीटर रिलेत कांस्य मिळवलं होतं. तेव्हा उसने स्केट्स चालतील. उसनं माप चालणार नाही.

त्यासाठी आमच्याकडे एक पेटी आणि एक वही आहे. पेटीत सगळ्या जोड्या, प्रत्येकीच्या टाचेवर मिलिमीटरमध्ये माप लिहिलेलं. वहीत प्रत्येक मुलीच्या पायाचा कागद, दर तीन महिन्यांनी नवा. पाय वाढला की जोडी पेटीत परत, मोठी बाहेर. कुणाचीही मालकी नाही, त्यामुळे भावाकडे जायचाही प्रश्न नाही. नव्या गटांनी स्क्रूने लांबी वाढवता येणारे स्केट्स सुरुवातीला घ्यायला हरकत नाही, शिकण्यापुरते ते बरे. पण त्यांची लांबी वाढते, रुंदी आणि टाच तीच राहते. हॉकी खेळायला लागलेल्या मुलीला त्यावर ठेवू नका.

जेवणानंतर अंगणात कागद अंथरलेत, प्रत्येकीने आधी आपलाच पाय मोजायचा आहे. पेन्सिली कमी आहेत, दोघींत एक घ्या. आणि ज्या गटांकडे २२ ते २४ सेंटिमीटरच्या जोड्या पडून असतील त्यांनी जाण्यापूर्वी मला सांगा. आमच्या पेटीत त्याच मापाच्या नाहीत, आणि नऊ मुली थांबल्यात.